हाक, सभा, इगर्जी

अ‍ॅरिस्टोफेनीसचं 'अखार्नियन्स' हे नाटक इ.स.पू. ४२५ मध्ये अथेन्समध्ये झालं. ते सुरू होतं तेव्हा डिकाइओपोलिस नावाचा एक शेतकरी प्निक्स टेकडीवर एकटाच बसलेला असतो. आज शहराची सभा आहे, म्हणून हा भल्या पहाटे येऊन जागा धरून बसला आहे. बाकी सभेला चिटपाखरू नाही. लोक खाली बाजारचौकात गप्पा छाटत उभे आहेत आणि लाल दोरी जवळ आली की इकडून तिकडे पळतायत. सभेचे अधिकारी नेहमीप्रमाणे उशिरा येणार आणि आले की पुढच्या बाकांसाठी ढकलाढकली करणार. तोवर करायचं काय? हा जांभया देतो, आळोखेपिळोखे देतो, पादतो, अंगावरचे केस उपटतो, मनातल्या मनात हिशेब घालत बसतो.

ती लाल दोरी म्हणजे गेरूत भिजवलेला लांबलचक दोरखंड. सरकारी शिपाई त्याची दोन टोकं धरून बाजारात घोळका करून उभ्या असलेल्या लोकांना टेकडीकडे रेटत न्यायचे. कपड्याला गेरूचा पट्टा लागला की दंड, असं या नाटकावरच्या जुन्या टीपांमध्ये सांगितलं आहे. आपल्याकडे ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाल्याच्या बातम्या वाचून ज्यांना लोकशाहीची काळजी वाटते, त्यांनी हे नाटक जरूर वाचावं. लोकशाहीच्या जन्मगावीही परिस्थिती फार वेगळी नव्हती.

या सभेचं नाव एक्लेसिया. 'एक्' म्हणजे बाहेर आणि 'कालेइन' म्हणजे हाक मारणं, बोलावणं. दवंडी पिटली, लोक घराबाहेर पडले, एका जागी जमले, की झाली एक्लेसिया. हाच शब्द पुढे फिरत फिरत सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्याला लागला. तिथे त्याला इगर्जी म्हणतात. लाल दोरीने हाकललेला जमाव आणि पांढऱ्याशुभ्र भिंतींची इगर्जी यांचं नाव एकच आहे, हे ऐकून पटत नाही. पण तसं आहे खरं.

आधी अथेन्समधली सभा नीट पाहू. इ.स.पू. चौथ्या शतकात ती वर्षातून ४० वेळा भरायची. येण्याचा हक्क प्रौढ पुरुष नागरिकांना, म्हणजे साधारण ३०,००० माणसांना. बायका, गुलाम आणि बाहेरगावाहून येऊन स्थायिक झालेले लोक यांना हाक नसे. काही ठरावांसाठी, उदाहरणार्थ एखाद्या परक्याला नागरिकत्व द्यायचं असेल तर, ६,००० मतं पडावी लागत. कामकाज काय होणार हे ५०० जणांचं एक मंडळ आधी ठरवायचं. त्याला बुले म्हणत. सभेच्या दिवशी आधी डुक्कर बळी देऊन जागा शुद्ध करायची, मग लोकांची फसवणूक करणाऱ्यांना शापवाणी उच्चारायची, आणि मग दवंडीवाला विचारायचा, बोलायचं कुणाला आहे? मत हात वर करून. हात मोजत बसायचे नाहीत, नजरेनेच अंदाज घ्यायचा.

दोरीने भागेना तेव्हा पैसे आले. इ.स.पू. ४०३ नंतर काही वर्षांत सभेला येणाऱ्याला आधी एक ओबोल, मग दोन, मग तीन ओबोल मिळू लागले. सहा ओबोलांचा एक द्राख्मा. अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापर्यंत साध्या सभेला एक द्राख्मा आणि मुख्य सभेला दीड, इथपर्यंत भत्ता चढला होता. मग गर्दी इतकी होऊ लागली की उशिरा येणाऱ्याला हात हलवत परत जावं लागे. अ‍ॅरिस्टोफेनीसने त्यावरही नाटक लिहिलं. त्यात अथेन्सच्या बायका खोट्या दाढ्या लावून, नवऱ्यांचे कपडे घालून पहाटेच सभेत शिरतात आणि राज्यकारभार बायकांकडे सोपवण्याचा ठराव पास करून घेतात. नवरे उठून कपडे शोधत बसतात तोवर सगळं आटोपलेलं असतं. नाटकाचं नावच 'एक्लेसियाझूसाय', सभेला बसणाऱ्या बायका.

ही सभा नुसती चेष्टेची गोष्ट नव्हती. इ.स.पू. ४२८ मध्ये मितिलीनी या बेटावरच्या शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं. ते मोडल्यावर सभेने संतापाच्या भरात ठरवलं की तिथले सगळे प्रौढ पुरुष ठार करायचे आणि बायकामुलांना गुलाम करायचं. हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा. रात्री लोकांचा राग उतरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा बोलावली, कडाक्याची चर्चा झाली आणि थोड्याच मतांच्या फरकाने आदला ठराव फिरवला. आता दुसरं जहाज सोडलं, पहिल्याला गाठायला. इतिहासकार थ्युसिडिडीसने त्या जहाजाचं वर्णन केलं आहे: वल्हेकरी वल्ही न सोडता दारू आणि तेलात कालवलेलं जवाचं पीठ खात होते आणि पाळीपाळीने झोपत होते. पहिल्या जहाजाला असल्या कामाची घाई नव्हती. ते पोचलं, सेनापतीने हुकूम वाचला, आणि अंमलबजावणी सुरू होणार एवढ्यात दुसरं जहाज बंदरात शिरलं. शहर वाचलं. बंडाच्या म्होरक्यांना मात्र मारलंच.

आता शब्दाकडे वळू. घराबाहेर बोलावलेले लोक असा अर्थ धातूतून निघतो हे ठीक. पण अथेन्सच्या माणसाला हा शब्द उच्चारताना ती हाक ऐकू येत होती का? मला तर वाटतं, मुळीच नाही. याचा पुरावा ग्रीकमध्येच आहे. नेहमीच्या सभा ठरल्या क्रमाने भरायच्या. युद्धाची बातमी आली, काही आणीबाणी झाली, तर खास बोलावणं पाठवून सभा घ्यावी लागे. तिला 'सिंक्लेतोस एक्लेसिया' म्हणत. सिंक्लेतोस म्हणजेही बोलावलेली. म्हणजे शब्दशः पाहिलं तर 'बोलावलेल्यांची बोलावलेली सभा' झाली. मूळ शब्दातली हाक पार विरून गेल्याशिवाय कुणी अशी पुनरुक्ती करत नाही. आपण 'पाव-रोटी' म्हणतो तसंच हे.

हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे याच हाकेवर बरीच प्रवचनं झाली.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात ज्यूंच्या धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर सुरू झालं. तिथल्या ज्यूंना हिब्रूपेक्षा ग्रीक जवळची झाली होती. हिब्रूत इस्रायलच्या लोकांच्या जमावाला एक शब्द होता, काहाल. मोशेने नियमशास्त्र ऐकवण्यासाठी डोंगराच्या पायथ्याशी लोक जमवले, तो काहाल. भाषांतरकारांनी आधीच्या पुस्तकांत त्याला 'सिनागोगे' म्हटलं आणि 'अनुवाद' या पुस्तकापासून पुढे मुख्यतः 'एक्लेसिया'. सिनागोगे म्हणजे एकत्र आणणं, गोळा करणं. दोन्ही शब्द साधारण एकाच अर्थाचे आणि दोन्ही रोजच्या वापरातले.

पुढे या जुळ्या भावंडांची वाटणी झाली. सिनागोगे ज्यूंकडे गेला, एक्लेसिया ख्रिस्ती लोकांकडे. वाटणी एका रात्रीत झाली नाही. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात ख्रिस्ती लोकांच्या जमण्यालाही सिनागोगे म्हटलं आहे. पण हळूहळू दोन्ही शब्दांनी घरं बदलली आणि दोन्ही माणसं सोडून इमारतींना चिकटले. सिनॅगॉग म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते. कोकणातल्या बेने इस्रायली लोकांनी मात्र हा ग्रीक शब्द फारसा मनावर घेतला नाही. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेलं शाआर हारहमीम हे तिथलं पहिलं सिनॅगॉग 'जुनी मशीद' म्हणून ओळखलं जातं. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या पैशाने उभं राहिलेलं विटांचं सिनॅगॉग पुणेकरांच्या तोंडी 'लाल देऊळ' झालं. मशीद काय, देऊळ काय, लोकांना प्रार्थनेची जागा कळल्याशी कारण.

हिब्रूत सिनॅगॉगला बेत क्नेसेत म्हणतात, जमण्याचं घर. त्यातलाच क्नेसेत हा शब्द १९४९ मध्ये इस्रायलच्या संसदेने घेतला. तिचे सदस्य १२०, कारण परंपरेतल्या जुन्या महासभेतही तेवढेच मानले जातात. म्हणजे एक शब्द राजकारणातून देवघरात गेला आणि दुसरा देवघरातून राजकारणात आला.

एक्लेसिया देवघरात गेला तो ख्रिस्ती धर्माचा प्रचारक पौल याच्या पत्रांतून. थेस्सलनीका शहरातल्या लोकांना त्याने इ.स. ५० च्या सुमाराला पत्र लिहिलं तेव्हा तिथे ख्रिस्ती इमारत वगैरे काहीच नव्हतं. कुणाच्या तरी घरी पाचपंचवीस माणसं जमायची. प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळींना पौलाने स्वतंत्र नमस्कार पाठवला आहे. या घरगुती जमावाला त्याने एक्लेसिया म्हणावं, यात धाडस होतं. ज्या शहरात हा शब्द ऐकला की लोकांना नगरसभा आठवायची, त्याच शहरात काही चर्मकार, तंबू शिवणारे आणि गुलाम म्हणू लागले, की आमचीही एक्लेसिया आहे. आणि या सभेत बायका होत्या, गुलाम होते. अथेन्सच्या टेकडीवर ज्यांना कधी हाक गेली नव्हती, तेच लोक.

नव्या करारात हा शब्द ११४ वेळा येतो, पण चार शुभवर्तमानांपैकी फक्त मत्तयच्या शुभवर्तमानात. सर्वांत गमतीचा वापर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातला आहे. इफिससमध्ये अर्तेमिस देवीच्या देवळाच्या चांदीच्या प्रतिकृती विकणारा देमेत्रियस नावाचा सोनार होता. पौलाच्या प्रचाराने धंदा बसणार म्हणून त्याने कारागीर भडकवले. जमाव थेट नाट्यगृहात घुसला आणि सलग दोन तास देवीच्या नावाने ओरडत राहिला. या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो की त्यातल्या बहुतेकांना आपण इथे कशासाठी आलो आहोत हेच ठाऊक नव्हतं. शेवटी शहराच्या चिटणिसाने समजावलं: तक्रार असेल तर कोर्ट आहे, नाहीतर रीतसर सभा आहे; असा दंगा केलात तर वरून विचारणा होईल. मग लोक पांगले. या दंगेखोर जमावाला लूकने एक्लेसियाच म्हटलं आहे. चिटणीस ज्या रीतसर सभेबद्दल बोलला तीही एक्लेसिया. आणि त्याच पुस्तकात जेरुसलेममधले ख्रिस्ती लोक, तेही एक्लेसिया.

म्हणूनच व्यासपीठावरून वारंवार सांगितली जाणारी व्युत्पत्ती जपून घ्यावी. चर्च म्हणजे जगातून देवाने बाहेर बोलावलेले लोक, कारण 'एक्' म्हणजे बाहेर, असं ते विवेचन असतं. विचार म्हणून ते सुंदर आहे. शब्दाचा इतिहास म्हणून टिकत नाही. इफिससच्या नाट्यगृहात ओरडणाऱ्यांना जगातून कुणी बाहेर बोलावलं नव्हतं. जेम्स बार या अभ्यासकाने १९६१ मध्ये बायबलच्या शब्दार्थांवर एक पुस्तक लिहिलं. शब्दाच्या मुळातला, तो जिथे जिथे वापरला तिथला आणि पुढच्या धर्मशास्त्रातला सगळा अर्थ एकाच वाक्यात कोंबायची खोड त्याने त्यात झोडून काढली, आणि त्याचा एक ठळक नमुना म्हणून एक्लेसियाच घेतला.

सभेबरोबर तिचं इतर सामानही देवळात गेलं. हात वर करून मत देण्याला ग्रीकमध्ये खेइरोतोनिया म्हणत. तोच शब्द पुढे डोक्यावर हात ठेवून धर्मगुरूची नेमणूक करण्याच्या विधीला लागला. हात तेच, पण मतदारांचे जाऊन बिशपचे झाले. आजच्या ग्रीसमध्ये संसदेला वुली म्हणतात, म्हणजे ५०० जणांच्या त्या मंडळाचंच नाव. सर्व नागरिकांच्या सभेचं नाव राजकारणात उरलं नाही.

माणसांकडून दगडांकडे हा शब्द कधी सरकला याची नेमकी तारीख देता येत नाही. ख्रिस्ती प्रार्थनेसाठी मुद्दाम बदलून घेतलेल्या इमारतींचा एक फार जुना नमुना सीरियात ड्युरा-युरोपोस इथे सापडला, इ.स. २४० च्या आसपासचा. तेही मुळात राहतं घर होतं. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि मग मोठाली बांधकामं सुरू झाली. त्यांचा आराखडा घेतला तोही देवळांचा नाही, कोर्टकचेरी आणि व्यापारासाठी बांधलेल्या बॅसिलिकांचा. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझसला आपण बॅसिलिका म्हणतो, तिच्या नावातही अशी एक रोमन कचेरी दडलेली आहे.

रोमन लोकांनी एक्लेसियाचं भाषांतर केलं नाही. लॅटिनमध्ये सभेला शब्द होते, पण त्यांनी ग्रीक शब्दच उचलला. तिथून इटालियनचा किएझा, फ्रेंचचा एग्लीज, स्पॅनिशचा इग्लेसिया आणि पोर्तुगीजचा इग्रेजा. पोर्तुगीजांच्या जिभेवर शब्दातल्या 'क'चा 'ग' झाला, 'ल'चा 'र' झाला आणि शेवटच्या 'सिया'चा 'जा'. गोवा १५१० मध्ये त्यांच्या हाती गेल्यावर कोंकणीने त्याचं इगर्ज केलं, मराठीने त्याला आणखी एक ईकार जोडून इगर्जी केलं. पगार, चावी, लिलाव, बटाटा, पाद्री यांच्या पंगतीत हाही येऊन बसला.

आणि गंमत म्हणजे हाच शब्द दुसऱ्या वाटेनेही हिंदुस्थानात आला होता. फारसीत त्याचं कलीसा झालं, तिथून तो उर्दूत उतरला. गालिबच्या एका गाजलेल्या गझलेत एकीकडे काबा आहे आणि दुसरीकडे कलीसा. मैफलीत त्या शेराला दाद देणाऱ्या मराठी रसिकाने गोव्यात इगर्जीचा रस्ता विचारला, तर तो एकच ग्रीक शब्द दोन उच्चारांत वापरत असतो. उत्तरेकडचे हिंदी भाषक ख्रिस्ती आजही आपल्या समुदायाला कलीसिया म्हणतात.

इंग्रजीतला चर्च मात्र या घराण्यातला नाही. चर्च, जर्मन किर्खे, स्कॉटलंडचा कर्क हे सगळे 'किरियाकोन', म्हणजे प्रभूचं, या दुसऱ्या ग्रीक शब्दावरून आले. बायबलात जिथे जिथे एक्लेसिया होता तिथे तिथे इंग्रजीत चर्च बसला आणि मूळ शब्द व भाषांतर यांच्यात फट पडली. विल्यम टिंडेलने १५२६ मध्ये नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर छापलं तेव्हा चर्च टाळून काँग्रिगेशन, म्हणजे जमाव, हा शब्द वापरला. जर्मनीत ल्यूथरनेही आधी तेच केलं होतं. यावर टॉमस मूर हा कॅथलिक विद्वान खवळला. चर्च म्हटलं की पोप, बिशप, मालमत्ता, अधिकार हे सगळं येतं. जमाव म्हटलं की नुसती माणसं उरतात, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. टिंडेलने उलट विचारलं, तुझ्या लाडक्या मित्राने, इरॅस्मसने, लॅटिनमध्ये हाच शब्द वापरला तेव्हा तू का गप्प होतास? वाद शब्दावरच थांबला नाही. १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळ टिंडेलला गळा आवळून मारलं आणि प्रेत जाळलं. त्याच्यावर खटला पाखंडाचा होता, एका शब्दाचा नव्हता; पण भाषांतर हे त्याच्या पापांपैकी मोठं पाप मानलं गेलं. पुढे राजा जेम्सच्या बायबलचं काम सुरू झालं तेव्हा भाषांतरकारांना जे १५ नियम घालून दिले, त्यातला तिसरा असा, की जुने धार्मिक शब्द तसेच ठेवायचे आणि चर्चचं काँग्रिगेशन करायचं नाही. १६११ च्या त्या बायबलात चर्च कायम झाला.

मराठीत हा झगडा झालाच नाही, कारण आपल्याकडे अडवायला जुना शब्द नव्हता. प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या परंपरेतल्या मराठी बायबलांत एक्लेसियाला सरळ 'मंडळी' हा शब्द रुळला. माझ्या मते इतका चपखल शब्द फार थोड्या भाषांच्या वाट्याला आला असेल. मंडळी जेवायला बसतात, मंडळी लग्नाला निघतात, कीर्तनकार 'बरं का मंडळी' म्हणून श्रोत्यांना जागं करतो. जुन्या पिढीतले गृहस्थ तर 'आमची मंडळी' म्हणून एकट्या बायकोचा उल्लेख करायचे. पण काही केलं तरी मंडळी म्हणजे माणसंच. मंडळीला रंगसफेदी करता येत नाही, मंडळीचं छप्पर गळत नाही. त्यामुळे मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती माणूस इमारतीला चर्च किंवा देऊळ म्हणतो आणि माणसांना मंडळी. टिंडेलला जे इंग्रजीत साधलं नाही ते इथे आपोआप झालं. वसईच्या बाजूचे कॅथलिक लेखक 'ख्रिस्तसभा' लिहितात. हा शब्द जरा भारदस्त आहे, त्याला अधिकाराचा वास येतो, आणि रोमपर्यंत पसरलेली संस्था सांगायची तर मंडळीपेक्षा तोच शोभतो.

एका ठिकाणी मात्र मराठीच्या हातून जमाव निसटला. जुन्या करारात कोहेलेत नावाचं एक पुस्तक आहे, काहाल याच धातूवरून आलेलं. लोकांना जमवणारा असा काहीसा त्याचा अर्थ. अलेक्झांड्रियाच्या भाषांतरकारांनी त्याचं एक्लेसियास्तेस केलं. अथेन्समध्ये एक्लेसियास्तेस म्हणजे सभेला हजर राहणारा कुणीही नागरिक, शब्दशः सभासद. ल्यूथरने जर्मनमध्ये त्याला प्रवचनकार केलं आणि मराठी बायबलात त्या पुस्तकाचं नाव पडलं 'उपदेशक'.